अंगावर येणारा वारा

मित्रांनो, नव्या वहीला घातलेल्या कव्हराचा वास तुम्हाला आवडतो ना? ते मऊ, चकचकीत, आरपार दिसणारे कव्हर हातात आले की बरीच मुले आधी ते नाकाला लावतात. मी स्वतः हे पाहिलेले नाही. ती कव्हरे बनवणाऱ्या बायका माझ्यासमोर बसून असे बोलत, आणि गप्पा मारताना त्या कितीही फेकत असल्या तरी कव्हरांच्या बाबतीत कधी खोटे बोलत नसत.

मी त्यांच्या कारखान्यातला जुना पंखा आहे. छताला लटकून वारा देणारा नव्हे. भिंतीला गोल भोक पाडून त्यात बसवतात तो, एक्झॉस्ट पंखा. चार रुंद पाती, एक दणकट मोटर आणि बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या पट्ट्यांची झडप. मी फिरू लागलो की त्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला उघडतात, थांबलो की मिटतात. खोलीतली कोंदलेली हवा ओढायची आणि बाहेर फेकायची, एवढेच माझे काम. वारा देणे हे माझे काम नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी रडकथा एवढ्याशा गोष्टीतून झाली.

मी जिथे तयार झालो तिथे एका वयस्कर तपासनीसाने मला पहिल्यांदा फिरवून पाहिले. मान हलवून तो 'बरोबर' म्हणाला आणि त्याने माझ्या चौकटीवर लाल रंगाने एक बाण काढला. हवा कुठून कुठे जायला हवी ते दाखवणारा बाण. नव्या नवरदेवासारखा मी तो बाण मिरवत खोक्यात शिरलो.

कव्हरांच्या कारखान्यात मला बसवले तेव्हा ती लांबट खोली नुकतीच उभी राहिली होती. वर पत्रा, खाली फरशी, मधे टेबलांच्या दोन रांगा. एका टोकाला मऊ प्लास्टिकचे मोठमोठे रोल. एकीने मापात कापायचे, दुसरीने घडी घालायची, तिसरीने ती घडी तापलेल्या साच्याखाली धरून पायाने दाबायचे. साचा खाली आला की कडा वितळून एकमेकींना चिकटत आणि एक गोडसर वाफ उठे. पहिल्या दिवशी ती वाफ छान वाटते. दुसऱ्या दिवशी डोके धरते. आठवड्याभरात ती आहे हेच माणूस विसरून जाते. अकरा बायका दिवसभर त्या वाफेत बसत आणि मी ती ओढून मागच्या मोकळ्या बोळात फेकत असे.

त्या दिवसांत माझे कोणी कौतुक केले नाही. 'नुसता घरघरतो मेला, वाऱ्याचा पत्ता नाही,' असे बोल मात्र ऐकावे लागत. मला वाईट वाटे. मी मनाचा हलका आहे, हे कबूल करतो. आपण राबतो आणि कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे दुःख उगाळत मी पाच वर्षे काढली.

मग ती आली. वय पंधरा-सोळा, शाळा सुटलेली, पाठीवर लांब वेणी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्याच दिवशी तिने साच्याला हात लावून बोट भाजून घेतले आणि ओरडायचे सोडून म्हणाली, "चला, ओळख तरी झाली." सगळी खोली हसली. वयाने सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणू लागले. पुढे तिच्याहून लहान कितीतरी आल्या आणि गेल्या, पण ते नाव तिलाच राहिले. चाळिशीला आली तरी ती धाकटीच.

टेबलांवरच्या बायकांत मोठी होती मावशी. ती सगळ्यांचीच मावशी होती. सुपरवायझर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तोही तिला मावशी म्हणे आणि तिला वचकून असे. बोलायला फटकळ, कामाला वाघ. धाकटीचे भाजलेले बोट तिनेच पाण्यात धरले आणि तेव्हापासून त्या पोरीला आपली मानली.

धाकटीला भाऊ नव्हता. असेच एकदा तिने मला दादा म्हटले आणि मग तेच चालू झाले. "दादा आज कुरकुरतोय, त्याला तेल पाजा." "दादा, जरा जोर लाव की, जेवला नाहीस का?" मित्रांनो, लोखंडालाही कोणी नात्याने हाक मारली की बरे वाटते. मी तिच्यासाठी फिरत होतो असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा.

पुढच्याच उन्हाळ्यात माझी मोटर जळाली. ती काढून दुरुस्तीला नेली आणि आठ दिवस मी नुसता आ वासून बसलो. पत्रा तापला की खोलीची भट्टी होई. वाफ बाहेर जाईना. बायकांच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी धाकटीला घेरी आली आणि ती टेबलावरच डोके टेकून पडली. मावशीने तिच्या तोंडावर पाणी मारले आणि मालकाला जाऊन चार शब्द सुनावले.

नवव्या दिवशी मोटर नवी तार गुंडाळून, वाइंडिंग होऊन परत आली. माझ्या मोटरीला तीन वायरी असतात. त्यांतल्या कुठल्याही दोहोंची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. वायरमन घाईत होता, त्याला दुसरीकडचे बोलावणे आले होते. त्याने वायरी जोडल्या, बटण दाबले आणि मी उलटा फिरू लागलो.

मला पहिल्याच फेऱ्यात कळले. मी बाहेरची हवा ओढून आत टाकत होतो. मागची झडप उघडण्याऐवजी दाबून मिटू लागली, फडफडू लागली. ही खूण पुरेशी होती. पण वायरमन म्हणाला, "झडप अडकतेय वाटतं," आणि बोळात जाऊन त्याने तिच्या पट्ट्या तारेने उघड्या बांधून टाकल्या. चूक ओरडून सांगत होती, तिचेच तोंड त्याने बांधले.

आणि आत? आत अकरा घामाघूम बायकांच्या तोंडावर वारा लागला. मावशीने गळ्याशी गुंडाळलेला रुमाल सोडला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्ता कसा पंख्यासारखा पंखा वाटतोय." धाकटी माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. तिची वेणी मागे उडत होती. "दादा सुधारला गं," ती म्हणाली, आणि खोलीत टाळ्या पडल्या.

मित्रांनो, इथे मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. मला बोलता येत नाही हे खरे. मला आपणहून थांबता येत नाही हेही खरे. पण त्या टाळ्यांनी मला आनंद झाला, हे त्याहून खरे. सहा वर्षे बरोबर फिरलो तर शिव्या, आणि उलटा फिरलो तर कौतुक. मी कौतुकाला भुललो. बाहेरचा बोळ मोकळा आहे, तिथली हवा काही वाईट नाही, अशी मी माझी समजूत घातली.

त्या दिवसापासून माझ्यासमोरची जागा मानाची झाली. तिथे कोणी बसायचे याचा एक नियम ठरला. तो कोणी केला नाही, कुठे लिहिला नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. जिला सगळ्यांत जास्त गरज, तिला वाऱ्याची जागा. ताप येऊन गेलेली, नवी कोवळी पोर, आणि जिला दिवस गेले आहेत ती. दिवस गेलेली सगळ्यांत आधी. एरवी एका कात्रीवरून दिवसभर धुसफुसणाऱ्या या बायका ती जागा मात्र हसत सोडत. त्या खोलीत याच्याहून चांगली रीत दुसरी नव्हती. आणि हिनेच घात केला.

पहिला मान धाकटीला मिळाला. तिला घेरी आली होती ना. मावशीने तिचे स्टूल स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवले.

दोन वर्षांनी मालकाने मागच्या बोळावर पत्रा टाकून शेड केली आणि दोन कामे तिकडे हलवली. एक, कव्हरांवर शाळांची नावे छापायचे. त्यात शाई आणि ती पातळ करायचे उग्र वासाचे द्रव. दुसरे, उरलेले कातरण वितळवून त्याच्या लाद्या पाडायचे. मालक माणूस वाईट नव्हता. आतल्या बायकांना धूर नको म्हणूनच त्याने हे सगळे मागे नेले. करायला गेला एक आणि झाले भलतेच. कारण त्या धुरात आता मी होतो. मी तो ओढत होतो आणि खोलीत जिला सगळ्यांत जास्त जपायचे, नेमका तिच्या अंगावर सोडत होतो.

कोणी कधी म्हणे, "आज वास फारच येतोय." मग सुपरवायझर म्हणे, "म्हणून तर पंखा बसवलाय. बंद करू नका त्याला." आणि मला दुपारच्या सुट्टीतही चालू ठेवत. भिंतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने माझ्या चौकटीवरूनही ब्रश फिरवला आणि तो लाल बाण बुजला. आता माझे खरे काम काय हे सांगणारे त्या खोलीत काहीच उरले नाही.

बाविसाव्या वर्षी धाकटीचे लग्न झाले. नवरा ट्रक चालवायचा, अबोल होता. "आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, भांडण व्हायला जागाच नाही," ती सांगायची. वर्षभरात तिला दिवस गेले. मधल्या काळात वाऱ्याची जागा कोणाकोणाकडे जाऊन आली होती, ती पुन्हा तिच्याकडे आली. मावशीने घरून एक उशी आणली आणि स्टुलावर ठेवली.

धाकटी पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघे. "दादा, भाची येतेय तुझी. नीट वारा घाल."

मी घातला. नऊ महिने घातला.

भाचीच झाली. ती चालायला लागल्यावर कधीमधी आईबरोबर कारखान्यात येई. आई जेवढे बोले त्याच्या अर्धे ती बोले, पण तेवढेच दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या दुप्पट भरे. म्हणून बायकांनी तिचे नाव अर्धी ठेवले. बाळंतपणानंतर धाकटीने ती जागा सोडलीच नाही. कोणी सोडायला सांगितलेही नाही. ज्या बाईने सगळ्यांना हसवले तिला वारा मिळू नये, असे कोणाला वाटेल?

अशी वर्षे गेली. धाकटी सदतीस वर्षांची झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत खोलीत ती आणि मावशी दोघीच होत्या. धाकटी डबा उघडून नुसती बसली होती, आणि ती गप्प होती म्हणून मावशीने मान वर करून पाहिले.

"मावशी, इथे काखेजवळ एक गाठ लागतेय हाताला. छातीत."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा महिने."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"दुखत नाही गं. दुखली असती तर सांगितलं असतं. आणि सांगायचं कोणाला? यांना सांगायची लाज वाटते. तिथे पुरुष डॉक्टर असला तर काय करायचं?"

मावशीने डबा झाकला. ती ओरडेल असे मला वाटले होते, पण ती अगदी हळू बोलली. "अगं, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर. लाजायचं काय ते मी लाजेन."

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्टुले रिकामी होती. त्यानंतर धाकटीचे स्टूल कित्येक महिने रिकामे राहिले. मावशी येऊन सांगे तेवढे कळे. कॅन्सर आहे. ऑपरेशन झाले. औषधे चालू आहेत. वेणी गेली. त्या दिवशी सगळ्या जणी खाली मान घालून कडा चिकटवत राहिल्या.

शाळेला मोठी सुट्टी लागली तेव्हा अर्धी आली. चौदा वर्षांची झाली होती, आईची उंची आणि आईचे डोळे. आईची जागा दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून ती सुट्टीभर घड्या घालायला बसणार होती. बायकांनी तिला आपल्याजवळचे जे सगळ्यांत चांगले होते ते दिले. वाऱ्याची जागा.

आता दवाखान्यात काय झाले ते सांगतो. धाकटीने ते सगळे खोलीत येऊन सांगितले, म्हणून मला माहीत. पुढच्या गोळ्या समजावून देताना डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती."

"म्हणजे कशावर?"

"हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या समजा. बाईच्या छातीला तो निरोप देतो. आता वाढ, आता थांब, आता दूध तयार कर. पेशींना कुलूप असतं आणि त्याच्याकडे त्याची किल्ली. तुमच्या गाठीतल्या पेशी तोच निरोप ऐकून वाढत होत्या. या गोळ्या त्यांच्यापर्यंत निरोप पोचू देणार नाहीत. काम काय करता तुम्ही?"

धाकटीने सांगितले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"प्लास्टिक मऊ करायला जी द्रव्यं घालतात त्यांतली काही, आणि धुरातली काही, या निरोप्याच्या कामात ढवळाढवळ करतात. काहींची तर किल्ली हुबेहूब नसली तरी त्या कुलपात शिरते आणि थोडीफार फिरते. मुलगी वयात येत असते किंवा बाई गरोदर असते तेव्हा छातीत नवी बांधणी चाललेली असते. त्या काळात आलेला खोटा निरोप जास्त खोल जाऊ शकतो. गरोदरपणी पोटातल्या बाळापर्यंतही पोचू शकतो."

"मग मला हे कामामुळेच झालं का?"

"ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. अशा कामातल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसलंय, एवढं माहीत आहे. पण एकीच्या गाठीकडे बोट दाखवून ही याच्यामुळे, असं म्हणता येत नाही. त्यात बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. तुमच्या खोलीत हवा खेळती आहे ना? एक्झॉस्ट पंखा आहे?"

"आहे ना," धाकटी म्हणाली. "अगदी माझ्यासमोर आहे. मस्त वारा येतो अंगावर."

डॉक्टरीणबाईंचे लिहिणे थांबले. "अंगावर येतो?"

"हो. वीस वर्षं झाली."

"अहो बाई, हवा बाहेर टाकणारा पंखा अंगावर वारा कसा देईल?"

धाकटी तिथून घरी गेली नाही. भर दुपारी ती कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा सुकलेला, धाप लागलेली. बायका उठल्या, "अगं ये, बस," म्हणू लागल्या. तिने कोणाकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

माझ्यासमोर तिची मुलगी बसली होती. अर्धीने केस मोकळे सोडले होते. माझ्या वाऱ्याने ते मागे उडत होते आणि ती कुठल्यातरी गोष्टीवर हसत होती.

"पंखा बंद करा," धाकटी म्हणाली.

"अगं, पोरीला उकडेल," मावशी म्हणाली.

"बंद करा म्हणते ना."

तिने कधी आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. सुपरवायझरने धावत जाऊन बटण बंद केले. माझी पाती थांबली. तिने अर्धीचे मनगट धरून तिला स्टुलावरून ओढून उठवले, एवढ्या जोराने की पोर कळवळली आणि रडू लागली. मग तिने दवाखान्यातले सगळे सांगितले.

नवा वायरमन आला. त्याने शिडी लावली, पटाशीने चौकटीवरचा रंग खरवडला आणि खालून लाल बाण निघाला. त्याने मला एकदा चालू करून पाहिले आणि बंद केले. "उलटा फिरतोय," तो खाली न पाहता म्हणाला. "दोन वायरी बदलायच्या. दोन मिनिटांचं काम आहे."

मालक आला, त्याने शेड पाहिली, माझ्याकडे पाहिले. "वीस वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही?" त्याने विचारले. बायकांनी त्याच्याकडे पाहिले, आणि मग त्यानेच मान खाली घातली.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती. "मी बसवलं गं तुला तिथे," ती म्हणत होती. "स्टूल मी उचललं. तुझ्या पोटात ही होती तेव्हा उशी मी आणली. माझे हात झडले का नाहीत तेव्हा."

धाकटी तिच्याजवळ बसली. "तू मायेने बसवलंस, मावशी. म्हणून तर मी उठले नाही." मग ती म्हणाली, "एकच ऐक. माझ्या पोरीला पुन्हा इथे बसवायचं नाही. लाडानेसुद्धा नाही."

त्या दिवसानंतर तिने मला कधी दादा म्हटले नाही.

दोन वायरी बदलल्या. बांधलेल्या पट्ट्या सोडल्या. शेड तिथून हलली. मी पुन्हा बरोबर फिरू लागलो. औषधे संपल्यावर धाकटी कामावर परत आली. तिला दाराजवळ बसवले, तिथून ताजी हवा आत येई. ती पुन्हा बोलू लागली, पण बेताने. दहा महिने तिने काम केले. मग दुखणे हाडात शिरले आणि ती अंथरुणाला खिळली. चार महिन्यांनी एका सकाळी मावशी खोलीत आली, उभ्यानेच म्हणाली, "गेली." त्या दिवशी साचे तापवले नाहीत. मलाही कोणी चालू केले नाही. मी दिवसभर त्या गप्प खोलीकडे पाहत होतो. मीच तिला मारले का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंना सांगता आले नाही ते मला काय सांगता येणार? पण मी तिला जपले नाही, एवढे मला पक्के ठाऊक आहे. ती मला भाऊ म्हणाली होती, मित्रांनो.

महिनाभराने अर्धी आईच्या वस्तू न्यायला आली. कात्री, चष्म्याचे घर, पाण्याची बाटली. सोळा वर्षांची झाली होती आणि आता अर्धेही बोलत नव्हती. मावशी तिला बाहेर ओट्यावर नेणार होती, पण पोर आपणहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई इथेच बसायची ना?"

"हो."

"मी पोटात होते तेव्हासुद्धा?"

मावशीने तिचा हात धरला. "हो गं बाळा."

"मग मलाही होईल?"

"सांगता येत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. होईलच असं मुळीच नाही. पण तू जपायचं, आणि वेळच्या वेळी दाखवून यायचं. मी येईन तुझ्याबरोबर, जोवर माझे पाय चालतायत तोवर."

अर्धीने मान हलवली. मग कात्री पिशवीत घालत ती म्हणाली, "त्या दिवशी मी इथे बसले म्हणून आई माझ्यावर शेवटपर्यंत रागावली होती."

"असं कोण म्हणालं?"

"कामावरून आली की मला जवळ येऊ द्यायची नाही. मी दारात गेले की म्हणायची, लांब हो, हात लावू नकोस. आधी सरळ आंघोळीला जायची. कपडेसुद्धा मला धुवू द्यायची नाही. मग मी पण जायची बंद झाले. पुढे पुढे तर मी ती यायच्या वेळेला मैत्रिणीकडेच जाऊन बसायचे."

मावशीने तिचे तोंड आपल्याकडे वळवले. "अगं वेडे," ती म्हणाली, "तिच्या कपड्यांना इथला वास असायचा. ती वाफ, तो धूर तुला लागू नये म्हणून ती आधी सगळं धुऊन टाकायची. रोज मला सांगायची, घरी गेल्यावर ती दहा मिनिटं मला युगासारखी वाटतात, कधी एकदा पोरीला जवळ घेईन असं होतं. आणि बाहेर आले की पोर घरात नसते."

अर्धी तिथेच खाली बसली आणि आईची कात्री छातीशी धरून इतकी रडली की मावशीला तिला आवरता येईना. माझी पाती फिरत होती आणि खोलीतली सगळी हवा माझ्यातून बाहेर जात होती. ते रडणे मात्र गेले नाही. ते अजून माझ्यापाशी आहे.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्या पात्यांवर बोटभर चिकट काजळी बसली आहे आणि ती पुसायची आठवण कोणाला होत नाही. नव्या आलेल्या मुली म्हणतात, "हा पंखा बिघडलाय वाटतं, वारा येतच नाही." तेव्हा मावशी त्यांना दाराजवळ नेऊन बसवते आणि माझ्यासमोरच्या जागेवर स्वतः बसते. मला कोणी चांगले म्हणत नाही, आणि म्हणू नये.

तुम्हाला मात्र माझी हात जोडून विनंती आहे. अंगाला बरे वाटते ते अंगाला बरे असतेच असे नाही, हे ध्यानात ठेवा. तुमची आई, ताई, मावशी, आत्या जिथे काम करते तिथे एकदा जा आणि तिथली हवा कुठून येते, कुठे जाते ते मोठ्यांना विचारा. तुम्ही लहान आहात म्हणून कोणी हसले तरी विचारा. घरातल्या बाईला छातीत गाठ जाणवली तर तिला लाजू देऊ नका, ती दुखत नसली तरी. आणि कामावरून आलेली आई तुम्हाला लांब हो म्हणाली तर रुसून निघून जाऊ नका. ती आंघोळ करून बाहेर येईपर्यंत घरातच थांबा.